शिवलिंगअप्पाचे डोळे

आमच्या गावच्या तनुजाची वेबसाईट नांदेडच्या एका माणसानं सुधारली, त्याची ही हकिकत. सुधारली हा शब्द त्याचा. माझ्या तोंडात दुसरा येतो, पण तो छापता येणार नाही.

आधी तनुजा कोण ते सांगतो. वीरण्णाची थोरली पोरगी, वय सव्वीस. शिरूर अनंतपाळला एका फोटो स्टुडिओत तीन वर्षं राबली. आधारचे फोटो, शाळेच्या दाखल्याचे, सोयरिकीला दाखवायचे. "हनुवटी खाली घ्या, खांदे सरळ, हलू नका," हे दिवसातून शंभरदा म्हणून म्हणून तिचा हात बसला. मग एक जुना कॅमेरा घेतला, स्कूटीला पिशवी अडकवली आणि आपल्या नावानं काम सुरू केलं. लग्न, हळद, बारसं, जत्रा, पोळ्याचे बैल, आणि मयतसुद्धा.

मयतीचं ऐकून काहींनी नाकं मुरडली. "पोरीच्या जातीनं मढ्यापुढं कॅमेरा घेऊन उभं राहावं व्हय?" पण ज्यांच्या घरी तिनं फोटो काढले, तीच माणसं सांगायला लागली. पोरगी रडणाऱ्याच्या तोंडात कॅमेरा घालत नाही. चप्पल बाहेर काढती. आधी पाया पडती, मग फोटो काढती. असं करत करत गावात कुणाच्याबी ओसरीवर न विचारता चढायचा मान तिला मिळाला. आमच्याकडं हा मान तहसीलदाराला नाही, आमदाराला नाही. तनुजाकडं खरी चीज एवढीच होती, कॅमेरा तर कुणीबी विकत घेतो.

आता आमची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस लिंगैक्य झाला की त्याला आडवा ठेवत नाहीत. अंघोळ घालतात, कपाळाला विभूती लावतात, नवं धोतर, नवा पटका, गळ्यात हार, आणि भिंतीला टेकून बसवतात. माणसं भेटायला येतात तेव्हा तो त्यांच्यापुढं बसलेला असतो. विमानात, म्हणजे फुलांनी सजवलेल्या डोलीत, बसवूनच शेतात नेतात आणि बसलेलाच मातीआड करतात. जन्मभर ओसरीवर बसून लोकांना भेटला, जातानाबी तसाच.

गेल्या फाल्गुनात शिवलिंगअप्पा गेले. त्यांचा डावा डोळा तीस वर्षांपूर्वी ज्वारीचं धसकट लागून गेला होता. बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं. लहानपणी आम्ही त्या डोळ्याला भ्यायचो. अप्पा मुद्दाम तो डोळा वटारून आम्हाला बोरीखालून हाकलायचे.

त्या दिवशी अप्पांना ओसरीवर बसवलं. नाकात कापूस अजून घातला नव्हता. हनुवटीची पट्टी पटक्यात आणि हारात झाकून गेली होती. दारातून तिरपं ऊन आलं होतं. त्यांची बायको गुणाबाई, जिला सगळं गाव अव्वा म्हणतं, ती पुढं झाली आणि अप्पांचा पटका सरळ केला. बाजाराला निघताना रोज करायची तसाच. तेवढ्यात तनुजानं फोटो काढला. मी लई फोटो बघितलेत, पण तसा बघितला नाही. वर्षश्राद्धाला लावायचे फोटो वेगळे. ह्यात संसार होता.

"अव्वा, हा मी वेबसाईटवर ठेवू का?" असं तिनं नंतर जाऊन विचारलंसुद्धा.

"ठेव की. लोकांस्नी दिसू दे आमच्या मालकाचा थाट," म्हातारी म्हणाली.

ही वेबसाईट तनुजानं मोबाईलवर बघून बघून घरीच केली होती. मी खोटं बोलणार नाही, ती भंगारच होती. तीनशेवर फोटो एकावर एक ढीग. एकाच हळदीचे चाळीस. दोन फोटो तर आडवेच पडलेले. उघडायला इतका वेळ की चहा उकळून व्हायचा. आणि सगळ्यात भारी म्हणजे फोन नंबरच नव्हता. फोटोंखाली नावंबी नव्हती. तिला वाटायचं, गावात कुणाला सांगायची गरज काय? फोटो बघितला की कळतं कोण आणि कशातला.

जळकोटच्या एका लग्नात तिची आणि मुकुलची गाठ पडली. नांदेडला विष्णुपुरीच्या रस्त्याला त्याचं ऑफिस. दुकानांच्या, दवाखान्यांच्या वेबसाईटी करतो. बोलणं गोड, कपडे स्वच्छ. त्यानं तिला सांगितलं, "ताई, फोटो कमी ठेवा, चांगले ठेवा. नंबर वर दिसला पाहिजे. पहिला फोटो असा हवा की माणूस थांबला पाहिजे." हे त्याचं सगळं बरोबर होतं. इथवर माझी काही तक्रार नाही.

तनुजानं सगळे फोटो त्याला देऊन टाकले आणि जळकोटलाच आणखी एका तीन दिवसांच्या लग्नाला जुंपली. तिसऱ्या दिवशी मुकुलचा निरोप आला, वेबसाईट तयार आहे. ही पंगतीत. एका हातात कॅमेरा, दुसऱ्यात नवरीच्या मावशीनं दिलेला लाडू. वरवर उघडली, नंबर दिसला, झटक्यात उघडली म्हणून खूश झाली आणि न बघता गावाच्या ग्रुपवर पाठवली. "माझी नवी वेबसाईट. बघा आणि आशीर्वाद द्या." ही चूक तिची. मी तिच्या तोंडावर सांगितलंय, इथंबी लिहितो.

अर्ध्या तासात तिला लातूरहून फोन आला. अण्णाराव नावाचे कापडाचे व्यापारी, मुकुलच्या ओळखीचे; त्यानंच त्यांना वेबसाईट पाठवली होती. "तुमचा पहिलाच फोटो बघितला आणि ठरवलं. काय जिवंत फोटो काढलाय हो! आमच्या वडिलांचा अमृतमहोत्सव आहे पुढच्या रविवारी. मला वडिलांचा अगदी तस्साच फोटो पाहिजे." लातूरचं पहिलं काम! पोरगी तिथंच नाचली म्हणतात.

इकडं गावात मी हॉटेलात बसलो होतो. समोर अव्वाचा मुलगा गुरुलिंग, मोबाईल हातात, चहा तसाच. त्याचं तोंड बघून मी विचारलं, "काय गा, काय बघूलालास?"

त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. "बाप माझा. ज्याला म्या माझ्या हातानं खड्ड्यात बसवलं, त्यो हसूलालाय."

मी बघितलं. पानावर वर मोठ्या अक्षरात 'आनंदाचे क्षण'. खाली शिवलिंगअप्पा. पटका तोच, हार तेच. डोळे सताड उघडे. दोन्ही. पाणीदार, काळेभोर, एखाद्या जाहिरातीतल्या म्हाताऱ्याचे असतात तसे. ओठाला जरा हसू लावलेलं. रंग उजळलेला. आणि पटका सरळ करणारी अव्वा कापून टाकलेली. नुसती तिची दोन बोटं पटक्याच्या कडेला राहिली होती, कुणाची ते कळू नये अशी.

त्याखाली तनुजाविषयी मजकूर. पोरीनं स्वतः लिहिलं होतं, "मी तनुजा, वीरण्णाची मुलगी. लग्न, बारसं, जत्रा, मयत, सगळ्याचे फोटो काढते. बोलवा, येते." ते काढून मुकुलनं लिहिलं होतं, "मी क्षण टिपते. मी भावना जगते." वीरण्णा गेला, मयत गेली, बोलवा-येते गेलं. आमच्या बोलण्यात ह्या लोकांना काय खुपतं कोण जाणे. शाळेत गेलो तर मास्तरांनी 'न्हाई' सुधारलं, ऑफिसात गेलो तर साहेबानं अर्ज सुधारला. आता मेल्यावर तोंडबी सुधारायला निघाले.

ग्रुपवर गावानं घातलेल्या शिव्या वाचून तनुजा दुपारी परतली ती तशीच अव्वाच्या दारात आली. मी गुरुलिंगबरोबर तिथंच होतो. चप्पल काढली, पण ओसरीवर पाय ठेवायच्या आधीच गुरुलिंग आडवा झाला.

"तिथंच थांब. ह्या घरात कॅमेरा न्हाई आता. गावात बी कुठं मिळतंय का बघतो."

"काका, मी न्हाई केलं हे. आईच्यान."

"मग कुनी केलं? बाप माझा आपोआप डोळे उघडून बसला?"

आतनं अव्वा आली. मोबाईल तिनं बघितलेला होता. रडत नव्हती. म्हातारी रागावली की रडत नाही, हे गावाला ठाऊक आहे. "ज्यानं केलं त्याला लाव फोन," म्हणाली. "आन् मोठ्यानं लाव. मला बी ऐकू दे."

तनुजानं स्पीकर लावला. मुकुल खुशीत होता. "ताई, लातूरहून फोन आला ना? मी म्हटलं होतं की नाही!"

"मुकुलदादा, त्या पहिल्या फोटोला काय केलंत?"

"काही नाही हो, आजोबांचे डोळे मिटले होते. क्लिक करताना पापणी पडते, चालायचंच. तसे फोटो पोर्टफोलिओत ठेवत नाहीत. म्हणून उघडून घेतले. कळतंय का सांगा? बिलकुल कळत नाही."

"ते मेलेले होते."

मुकुल हळूच म्हणाला, "पण... ते तर बसलेले आहेत. हारबीर घालून. मला वाटलं सत्कार आहे."

"आमच्यात बसवतेत."

"सॉरी ताई. मला खरंच माहीत नव्हतं."

"विचारायचं होतंत. तोंड शिवलं होतं का?" तनुजाचा आवाज चढला. "तीनशे फोटो दिले, एकदा तरी विचारलंत का हे कोन, ही बाई का कापूलालाव?"

अव्वानं मोबाईल हातात घेतला. "कोन गावचा रं तू?"

"नांदेडचा, आजी."

"मला एक सांग. हे डोळे कुनाचे हायत?"

"कुणाचे नाहीत आजी. ते कॉम्प्युटर तयार करतो."

"कुनाचेच न्हाईत?" म्हातारी दारातच खाली बसली. "जे कुनाचेच न्हाईत, ते माझ्या मालकाला लावलेस? आरं, तीस वरसं त्यांनी एका डोळ्यानं सौंसार केला. एका डोळ्यानं पेरनी केली, एका डोळ्यानं पोरीची लग्नं बघितली. त्या फुलाच्या डोळ्यात मी रोज औषध घातलंय. तू दुसराच मानूस बसवलास माझ्या वसरीवर. आन् मला कापून काढलंस. का? मी नीट दिसत न्हवते?"

मुकुल म्हणाला, "मी आत्ता काढतो तो. फक्त ताई, लातूरचं काम ह्याच फोटोवर मिळालंय. रविवारपर्यंत राहू द्यायचा का? मग काढू. बघा, तुमचंच नुकसान नको."

सगळे तनुजाकडं बघायला लागले. गुरुलिंग तर तिच्या तोंडून 'राहू द्या' निघतंय का ह्यावरच टपला होता. तनुजा म्हणाली, "आत्ता काढा. मी हितंच उभी हाय, गेल्याशिवाय फोन ठेवत न्हाई."

दोन मिनिटांत तो फोटो गेला. पण पोरगी तेवढ्यावर थांबली नाही. तिथंच अंगणात उभं राहून तिनं अण्णारावांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. तुम्ही बघितलेला फोटो खोटा होता, ते आजोबा लिंगैक्य झालेले होते. मूळ फोटो पाठवते, तो बघा आणि मग काम द्यायचं का ठरवा.

अण्णारावांचा आवाज आम्हाला अंगणभर ऐकू आला. "मेलेल्या माणसाचा फोटो बघून मी बापाचा अमृतमहोत्सव ठरवला? शरम वाटत नाही तुम्हाला? अपशकुन नुसता!" आणि फोन बंद.

आता बघा ह्या माणसाचा न्याय. ज्या डोळ्यांत कुणीच नव्हतं त्यांना हा जिवंत म्हणाला. आणि ज्या पोरीनं रविवारचं काम घालवून खरं सांगितलं, शरम तिनं वाटून घ्यायची! मूळ फोटो त्यानं उघडूनसुद्धा बघितला नाही.

तनुजा चप्पल घालायला वाकली. गुरुलिंग बाजूला सरकला होता, पण 'ये'बी म्हणत नव्हता.

"कुठं निगालीस?" अव्वा म्हणाली.

"घरी."

"कॅमेरा हाय का पिशवीत?"

"हाय."

"काढ. माझा फोटो काढ आत्ता. डोळे हायत तवर काढून ठेव. मी गेल्यावर कुन्या नांदेडवाल्याला उगं तरास नको."

गुरुलिंग म्हणाला, "अव्वा, आत्ता? लुगडं तरी बदल."

"का? ह्या लुगड्यात मी दिसत न्हाई का तुला?"

अप्पा जिथं बसवले होते त्याच भिंतीला टेकून म्हातारी बसली. तनुजा सवयीनं म्हणाली, "हनुवटी जरा खाली, अव्वा." अव्वा म्हणाली, "न्हाई. तू वर ये." तनुजा ओसरीवर चढली.

त्या फोटोत अव्वा रागात आहे. भुवया जुळलेल्या, ओठ आवळलेले. वेबसाईट उघडली की आता तोच पहिला दिसतो. दुसरा अप्पांचा, डोळे मिटलेला, पटक्याला अव्वाचा हात. खाली लिहिलंय, 'शिवलिंगअप्पा, लिंगैक्य झाले त्या दिवशी. शेजारी पत्नी गुणाबाई.' तीनशेतले आता सगळे मिळून तीसच ठेवलेत; उरलेल्या अठ्ठावीस फोटोंखाली नावं घालायला तनुजा आठवडाभर घरोघर हिंडली. कुणाची आत्या, कुणाचा बैल, कितव्या लग्नात. लोकांनीबी हौसेनं सांगितलं. नंबर वर आहे, पान झटक्यात उघडतं. मुकुलचं तेवढं तिनं ठेवलं. क्षण टिपणं आणि भावना जगणं काढून वीरण्णाला परत आणलं.

लातूरचं काम गेलं ते गेलंच. कुणी दुसरं धावत आलं नाही.

पण गावात एक खोड लागली ती लागली. तनुजानं कॅमेरा वर धरला की नवरदेवापासून पोळ्याच्या बैलवाल्यापर्यंत कुणीतरी ओरडतंच, "तनुजे, डोळे आमचेच ऱ्हाऊ दे गं!" परवा गुरुलिंगच्या नातवाच्या बारशाला खुद्द गुरुलिंगनंच हे म्हटलं.

"हाव," ती म्हणाली. "तुमचेच ठेवते, काका. कसे का असंनात. हलू नका."