दक्षिणेच्या भिंतीतली गुल्ली

बाबा गेले तेव्हा आम्ही जबलपुरात, दीक्षितपुऱ्यात भाड्याने राहत होतो. मध्यप्रांताचे दिवस. गेलेल्याचा फोटो दक्षिणेच्याच भिंतीवर, हा आईचा हट्ट. आणि नेमकी तीच भिंत मातीची. खिळा धरेना, म्हणून भोक पाडून मी लाकडाची गुल्ली ठोकली. शेजारचे सुतार म्हणाले, "भैया, लकड़ी गीली है, सूखके निकल जाएगी." मला कुणी शिकवलेलं खपत नसे. उन्हाळ्यात गुल्ली आक्रसली, फोटो पडला, काच फुटली. मग वाळलेला साग आणला, पण तोवर भोकात मूठ जात होती.

"काहून ठोकून राहिला रे? राहू दे त्यांना खालीच," आई म्हणाली.

पुढे आई गेली. तिचा फोटो आणला, तेव्हा मी हातोडी शोधलीच नाही. बाबांच्या शेजारी जमिनीवर टेकवून ठेवला.