वाकलेल्या माणसाचं माप

आठवीत मला छाती आली. पोरींसारखी.

हो, बरोबर वाचलंत. आज पहिल्यांदा लिहितोय. देवळीतले आमचे टेलर बबनकाका काल गेले, आणि हे लपवून त्यांच्याबद्दल काही लिहिताच येत नाही.

मे महिना. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. त्या उन्हात मी दोन बनियन आणि वरून स्वेटर घालून फिरायचो.

कबड्डी बंद. आरशात बघणं बंद. वर्गातली पोरं 'वहिनी' म्हणायची. मला खरंच वाटायचं, आपण हळूहळू मुलगी होतोय.

आईला कळलं तेव्हा तिनं निदान केलं, "सोयाबीनच्या तेलानं होऊन राह्यलं हे."

घरी सोयाबीन पिकवणारे आम्ही, महिनाभर जवसाच्या तेलातली भाजी खाल्ली. फरक शून्य. वर तोंडाची चव गेली ती वेगळी.

जूनमध्ये मी सांगून टाकलं, "मी शाळेत जात नाई." बाबांनी तरी युनिफॉर्मच्या मापाला पाठवलंच.

काकांची पद्धत म्हणजे टेप लावायची आणि माप ओरडायचं. काकू आत वहीत लिहायच्या. "छाती बत्तीस! कंबर सव्वीस!" अख्ख्या दुकानाला ऐकू जायचं.

माझा नंबर आला. मागं बाकावर वर्गातली तीन पोरं.

"काका, वहिनीले ब्लाउज शिवा न!"

खी खी खी. मी पाठीत पार वाकलो.

काकांनी टेप गळ्यात टाकली. "तुमचे कपडे मी शिवत नाई. दुसरा टेलर पाहा."

"काका, गंमत केली न..."

"निंघा म्हटलं ना बे!"

ऐन सीझनमध्ये तीन गिऱ्हाइकं हाकलली माणसानं.

मग माझ्याकडे वळले. "ताठ उभा राय. वाकलेल्या माणसाचं माप मले घेता येत नाई. शर्ट बिघडते माहा."

मी रडायला लागलो. काका टेप धरून नुसते थांबले.

मी ताठ झालो तेव्हा त्यांनी माप घेतलं. ओरडले नाहीत. स्वतः आत जाऊन वहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना सांगून मला सायकलवर बसवलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "वयात येताना खूप पोरांना होतं. बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप बसतं. तू पोरगाच आहेस, बाबा."

बाहेर आल्यावर काकांनी समोसा खाऊ घातला. तोही सोयाबीनच्या तेलातला!

शाळेच्या पहिल्या दिवशी गेटपर्यंत सोडायला तेच.

"छाती काढून चाल."

"काका!!"

"अरे चाल न बे!" दोघंही हसलो. कितीतरी महिन्यांनी हसलो मी.

दहावीपर्यंत सगळं बसलं. शाळा सुटली नाही. आज मी मास्तर आहे.

काल मातीहून आल्यावर काकूंजवळ बसलो. म्हटलं, "काकू, काकांनी माही शाळा वाचवली."

काकू म्हणाल्या, "त्याहिची नाई वाचली न, बाबू. त्याहिले बी झालतं, आठवीतच. पोरं बाई म्हणत. शाळा सोडली अन् मशीनवर बसले. कोणालेच सांगतलं नाई कधी."

एवढी वर्षं मलाही एका शब्दानं सांगितलं नाही.

काका, लई अभिमान वाटतो तुमचा.

एम.ए. झालो, बी.एड. झालो. त्यातलं आठवीच्या पुढचं सगळं शिक्षण तुमचं.

शेवटचा जय भीम, काका.