खळीतली चरबी

गिरण्यांच्या संपानंतर बाबांच्या हातांना काम उरलं नाही, पण खोड गेली नाही. गिरणीत ताण्याच्या सुताला खळ चढवण्यात जन्म गेलेला माणूस भोईवाड्याच्या खोलीत चादरीचा धागासुद्धा चिमटीत धरून तपासायचा. चाळीच्या गॅलरीत मात्र येत नसत. लोक कामाचं विचारतात, म्हणायचे.

मी तेव्हा संशोधन करत होते आणि सगळ्यांवर खेकसत होते. मला एअरोजेल करायचं होतं. सिलिकाच्या ओल्या जेलीतला द्रव काढून तिथे हवा ठेवायची, जेलीचा आकार मात्र तसाच राहायला हवा. प्रचंड दाबाचं यंत्र असलेल्यांना ते जमे. आमच्याकडे साधा ओव्हन. जेली आक्रसायची, तडकायची, तळाशी खडे. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर विषय बदला, असं सरांनी बजावलं होतं. म्हणजे दोन वर्षं पाण्यात.

एका रविवारी ते खडे बाबांपुढे ठेवून मी रडगाणं गायले. त्यांनी एक खडा चिमटीत फिरवला.

"ह्यात चरबी घातलंस?"

"बाबा, ही काय गिरणीतली खळ आहे?"

"गो, खळीत चरबी नसली तर सुकताना सुतां एकमेकांक चिकाटतत. मग तुटतत."

मी हसले आणि मधेच थांबले. जेलीच्या आतल्या बारीक पोकळ्यांच्या भिंतीही सुकताना अशाच चिकटत होत्या. भिंतींना लेप देतात हे वाचलं होतं, पण मला ते नसते लाड वाटले होते. शहाणीच मी!

मग पाणी काढून स्पिरिट भरलं, ते काढून हलका द्रव, आणि शेवटी लेपाचं रसायन. आठवडा गेला. ओव्हनमध्ये जेली पुन्हा निम्मी झाली. मी हताश होऊन स्टुलावर बसले. थोड्या वेळाने पाहिलं तर ती फुगत होती! भिंती चिकटल्याच नव्हत्या, म्हणून पुन्हा दूर सरकत होत्या. मी इतक्या जोरात ओरडले की सर धावत आले.

तो निळसर तुकडा कापसात घालून घरी आणला. बाबांना डोळे मिटायला लावले आणि तळहातावर ठेवला.

"ठेवलंस?" त्यांनी विचारलं.

सुताची गाठ बोटांना कळणाऱ्या माणसाला त्याचं वजनच कळलं नाही. डोळे उघडून ते बघतच राहिले. मग हात तसाच पुढे धरून गॅलरीत गेले आणि एकेका दारात थांबून, मागे उभ्या माझ्याकडे मान करून सांगत सुटले, "माझ्या चेडवाचा माल. खळ आमची!"