भाऊजींच्या खिशातलं रिव्हॉल्व्हर

शिलाई मशीनला तेल घातलं, की त्या वासानं अजून माझं डोकं तडकतं. बहात्तरच्या दुष्काळात पारनेरकडच्या वस्त्यांवर चोर यायला लागले. मी विधवा, वस्तीवर एकटी, म्हणून परवाना माझ्या नावाचा काढला. नगरच्या दुकानदारानं तसल्याच तेलाच्या वासाचं इवलंसं रिव्हॉल्व्हर काढलं आणि दिलं कुणाला? माझ्या दिरांना!

भाऊजींनी ते कोटाच्या खिशात घालून आरशात पाहिलं. "खिसा फुगत न्हाई. हेच घिऊ."

"भाऊजी, लुगड्याला खिसा असतो व्हय? मला कनवटीला खोचून बघू द्या."

"तुमी गप बसा, वैनी. तुमच्यासाठीच चाललंय सगळं."

तेव्हा मला ती काळजीच वाटली. पण त्या खिशातून ते पुन्हा निघालंच नाही. भाऊजी राहायचे भर गावात. वस्तीवर मी, उशाला कोयता आणि पेटीत माझ्या नावाचा परवाना.