समीक्षा मुनेश्वर आणि चार मिनिटांचा उशीर

समीक्षा मुनेश्वर माझ्याकडे पाचवी ते सातवी शिकली. हुशार होतीच, पण लक्षात राहिली ती हट्टामुळे. गणित सुटलं तरी ती ते उलट बाजूनं करून पाहायची आणि तोवर वही हातची सोडत नसे. वडील धर्मपाल राळेगावला एसटीचे चालक. कंडक्टरनं घंटी दिली तरी हा माणूस खाली उतरून सगळी चाकं एकदा ठोकून पाहणार. प्रवासी वैतागायचे. मुलीनं ते त्यांच्याकडूनच उचललं असावं.

आज ती जिल्हा पोलिसांत हवालदार आहे. मोठ्या पाहुण्यांच्या सुरक्षेचं काम बघते. पाहुणा कोणत्या दारानं येईल, पुष्पगुच्छ कोण देईल, मंचाच्या पायऱ्या वजन पेलतील का, हे सगळं आदल्या दिवशी तपासते. पण तिचं खास काम हेलिपॅडचं. पोलीस दलाच्या हवाई विभागातल्या लोकांकडे पंधरा दिवस शिकून आल्यापासून जिल्ह्यात कुठेही हेलिकॉप्टर उतरायचं असलं की जागा ती बघते. मैदान किती टणक, जवळ तारा आहेत का, वारा कुठून येतो. मधला इंग्रजी एच ती स्वतः उभी राहून काढून घेते, आणि तोही चुन्याची फक्की पाण्यात कालवून. कोरडी फक्की पंख्याच्या वाऱ्यानं उडते. शेवटी जागा ठीक असल्याच्या कागदावर सही तिची.

मागच्या नोव्हेंबरात आमच्या तालुक्यातल्या एका गावी दवाखान्याच्या उद्घाटनाला मंत्री येणार होते. हेलिपॅड शाळेच्या मैदानावर. समीक्षानं संध्याकाळी सगळं तपासलं, कुंपणापलीकडच्या सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाच्या, ढिगावरची ताडपत्री दगडांनी दाबून घेतली आणि दोन होमगार्ड ठेवून गेली.

सकाळी नऊला येऊन पाहते तर एच दिसतच नव्हता. त्याच्यावर लाल गालिचा होता, चार कोपऱ्यांवर विटा. भोवती बचतगटाच्या बायकांनी पहाटेपासून बसून रांगोळी काढलेली, तिच्यावर झेंडूच्या पाकळ्या. होमगार्डचं म्हणणं, रांगोळी घालणाऱ्या बायांना अडवायचं कसं? तेही खरंच. आपल्याकडे दारात पाहुणा यायचा म्हणजे रांगोळी आलीच, आणि या पाहुण्याचं दार ते मैदान होतं.

गालिचा विठ्ठलरावांचा. गावातले जुने पुढारी, मनानं उदार, आवाजानं जरा जास्तच. गालिचा काढा म्हटल्यावर ते चिडले.

“मोठा माणूस मातीत पाय ठेवीन काय, मॅडम?”

“काका, हा गालिचा उडून पंख्यात गेला, तं मोठा माणूस मातीतच येईन.”

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. विठ्ठलरावांनी तिच्या साहेबांना फोन लावला. साहेबांनी तिला थोडं जमवून घ्यायला सांगितलं. तिनं जागेचा कागद विठ्ठलरावांपुढे धरला आणि फोनवर शांतपणे विचारलं, मग यावर सही कोण करतं? कोणी केली नाही. गालिचा गेला.

रांगोळीचं जास्त अवघड होतं. बचतगटातल्या बसंतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सगळ्यांत मोठा मोर काढला होता. समीक्षा त्यांच्याजवळ उकिडवी बसली. ही भुकटी उडाली की वर चालवणाऱ्याला जमीन दिसणार नाही, तिनं समजावलं. मग त्यांनाच विचारलं की दवाखान्याच्या फाटकाशी असाच मोर किती वेळात होईल. अर्ध्या तासात, बसंतीबाई म्हणाल्या, आणि मोरावर पाण्याची पहिली बादली त्यांनीच ओतली. साडेदहाला एच पुन्हा लख्ख दिसू लागला.

अकराला आवाज आला. मैदानाभोवती तीन हजार माणसं. समीक्षा ठरल्या जागी उभी, एका हातात हिरवा झेंडा, दुसऱ्यात लाल. हेलिकॉप्टर खाली यायला लागलं आणि तिनं सवयीनं एकदा चौफेर पाहिलं. कुंपणापलीकडे ताडपत्रीचं एक टोक हवेत फडफडत होतं. मालकानं सकाळी बैलांसाठी कुटार काढलं होतं आणि दगड परत ठेवायचे विसरला होता.

तिनं लाल झेंडा वर केला.

हेलिकॉप्टर तसंच वर उचललं गेलं आणि शेतांवरून लांब वळलं. गर्दीत कुणीतरी म्हणालं, पोरीनं मंत्र्यालेच वापस पाठवलं. वायरलेसवर साहेबांचा आवाज चढला. हे काय करून राहिली? उतरू दे.

“नाही सर. अजून नाही,” ती म्हणाली. झेंडा खाली आला नाही.

हिरवा झेंडा काखेत मारून तिनं दुसऱ्या हातानं ताडपत्रीकडे दाखवलं. आधी कळलं ते विठ्ठलरावांना. सकाळपासून रुसून बसलेला हा सत्तरीचा माणूस धोतर सावरत कुंपणाकडे धावला, मागे आठ-दहा जण. दगड ठेवले, दोर आवळले, सगळे बाजूला झाले. समीक्षानं टोकं एकेक करून पाहिली आणि मगच हिरवा झेंडा दाखवला. हेलिकॉप्टर अलगद उतरलं. मंत्री हसत पुढे गेले. त्यांना काही कळलंही नसावं.

चौथ्या दिवशी तिला नोटीस आली. उशिराचा खुलासा करावा. जबाबदारी नक्की झाली तर हे काम काढून घेण्यात येईल, असंही त्यात होतं. त्या रविवारी ती माझ्याकडे आली होती. खुलासा लिहूनच आणला होता. मला वाटलं, ताडपत्री, बैल, होमगार्ड, सगळ्यांची नावं असतील. तीन ओळी होत्या.

‘हेलिकॉप्टर चार मिनिटं उशिरा उतरलं. थांबण्याची खूण मी दिली. तेव्हा जागा उतरण्यासारखी नव्हती.’

काही वाढवायचं का, तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. तिनं कागदाची घडी केली, चहा घेतला आणि धर्मपालांच्या गुडघ्याचं सांगत बसली.

खुलाशावर पुढे कुणी काही लिहिलं नाही. डिसेंबरात पांढरकवड्याच्या दौऱ्याचा आदेश निघाला. हेलिपॅडपुढे नाव तिचंच होतं.