गाडी बसली

आमच्याकडं पिकअपवाल्याचा पाणउतारा करायला शिव्या द्याव्या लागत नाहीत. गाडीच्या मागं उभं राहून नुसतं म्हणायचं, "गाडी बसली की वो पावणं." म्हणजे माल भरल्यावर गाडीचं ढुंगण खाली गेलं, पाट्यांत दम न्हाय, आणि पाट्यांत न्हाय म्हणजे मालकातही न्हाय. मार्केट यार्डात एका सकाळी हे वाक्य मी तीन वेळा ऐकलं. तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं, आणि पुढचं सगळं त्या फिरलेल्या डोक्यानं झालं.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात. पहाटे शेतकऱ्यांची ढबू मिरची, वांगी, कोबी भरायची आणि उजाडताना कोल्हापूर गाठायचं, हा माझा धंदा. बायको केबिनमध्ये शेजारी बसायची. आमच्या दोन गुंठ्यांतली भाजी चार क्रेटमधनं घेऊन ती बाजारात दुपारपर्यंत विकायची, मग आम्ही दोघं मोकळी गाडी घेऊन परत यायचो. वाटेत एका टपरीवर चहा. आमच्या संसारात एकमेकांशी निवांत बोलायची तेवढीच वेळ होती.

गाडी नवी घेतली तेव्हा वाटलं, सुटलो. कसला सुटतोय. जुन्या गाडीला मिस्त्री कान लावायचा आणि आजार सांगायचा, हिला लॅपटॉप लावतात. आज धूर साफ करायचा युरिया संपला म्हणून दिवा लागतो, उद्या कुठला तरी सेन्सर भिजला म्हणून लागतो, आणि दिवा लागला की गाडी चढाला म्हशीसारखी अडून बसते. कधी कधी तर उगाचच लागतो. गेल्या पावसाळ्यात एक भाडं घेऊन जाताना गगनबावड्याच्या अलीकडं तो दिवा लागला तेव्हा मी खाली उतरून दगडावर बसलो आणि अर्धा तास गाडीकडं बघितलंसुद्धा नाही. गाडी घेऊन चार वर्षं झाली, आणि मी चाळीसचा साठ झालो.

तर ते पाटे. मागच्या चाकांच्या वर लोखंडी पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात, सगळं वजन त्या झेलतात. कंपनीनं जेवढे पाटे दिलेत तेवढ्यावर आमच्याकडं कुणी गाडी चालवत नाही. गाडी दारात आली, पूजा झाली, नारळ फुटला की दुसऱ्या दिवशी पाटे वाढवायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात, मिस्त्र्यांकडं. मी शहाणपणा करून इतके दिवस थांबलो होतो. त्या दिवशी भाजी उतरवली आणि तडक मिस्त्रीकडं गेलो.

मिस्त्री म्हातारा, बापाच्या काळापासून पाट्यांचंच काम करणारा. सगळी दुनिया त्यांना चाचा म्हणते. त्यांनी गाडीखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "एकेक घालतो. बास होतंय."

"दोन-दोन घाला."

"मालक, भरल्यावर झकास चालंल. पर मोकळी असली की हाडं मोजंल तुमची."

"माझी हाडं दणकट हायत. घाला तुम्ही."

चाचांनी सरळ जॅक लावला. गिऱ्हाइकाच्या डोक्यात वारं शिरलं की बोलून उपयोग नसतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. गाडी अशी उठली की मागनं बघताना आता उडी मारंल असं वाटायचं. सोबत हौद्याला वरनं एक जाळी वाढवून घेतली आणि मागं रंगाऱ्याकडनं मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'बसत नाही'. गल्लीतल्या सगळ्यांना बाहेर बोलावून दाखवलं. बायकोनं मागच्या फाळक्यावरनं हात फिरवला आणि म्हणाली, "झ्याक दिसतीया की."

दोन-तीन महिन्यांनी तिनं दुपारी माझ्याबरोबर यायचं सोडलं. सकाळी यायची, भरल्या गाडीतनं. पण बाजार उठला की म्हणायची, "तुमी व्हा फुडं, मी येष्टीनं येतो." कधी बहिणीकडं जायचंय, कधी डोकं दुखतंय, गाडीचा आवाज सोसत न्हाय. त्याआधी महिनाभर गाडीत असली की ब्रेकर आला रे आला, दोन्ही हातांनी दारावरची कडी धरून सीटवरनं अर्धी उठायची. मला वाटायचं, ही माझ्या चालवण्याला भिते. चार माणसांत असं कडीला लोंबकळलेलं बघून मला लाज वाटायची. आणि आता तर येष्टी! एकदा मी फाडकन बोललो, "पिकअपमध्ये बसायला कमीपणा वाटतोय व्हय राणीसाहेबांना?" ती पिशवी उचलून स्टँडकडं चालायला लागली. त्या टपरीवर मी एकट्यानं चहा प्यायला लागलो, आणि पुढं पुढं तोही सोडला.

असं वर्षभर चाललं. मग एका पहाटे घरासमोर क्रेट उचलायला ती वाकली आणि तशीच राहिली. ना वर येता येईना, ना खाली बसता येईना. दोघी-तिघींनी धरून आडवी केली तर तोंडातनं शब्द नाही, नुसतं डोळ्यांतनं पाणी. अँब्युलन्सला फोन लावला तर ती दुसरा पेशंट घेऊन सांगलीला गेलेली. मी गाडीतली भाजी खाली ओतली, हौद्यात गाद्या टाकल्या. तेवढ्यात शेजारचे तात्या काठी टेकत आले. उभा जन्म त्यांनी ट्रक चालवलेला.

"मोकळी नेऊ नगंस," ते म्हणाले. "आदळून मारशील तिला. वजन टाक."

वाळू नव्हती, पोती नव्हती. भाजी परत भरली तर हिला ठेवायची कुठं? मी हातातली चावी फिरवत नुसता उभा राहिलो. तात्याच आधी चढले. मग गल्लीतली माणसं एकेक करत चढायला लागली, कुणी दात घासता घासता, कुणी धार काढायची टाकून. शेजारच्या काकू पदर खोचून चढल्या. चौदा माणसं मागच्या चाकांच्या वर दाटीवाटीनं बसली आणि मधल्या गाद्यांवर माझी बायको. तात्या एकेकाला सरकवत होते, "तू जाडा हायस, तू हिकडं ये." पाटे जरा दबले. मी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या वर नेली नाही. प्रत्येक खड्ड्याला मागनं तिचा आवाज येतो का म्हणून कान देत होतो.

कोल्हापुरात दवाखान्याच्या दारात वॉचमननं एवढी माणसं उतरताना बघून विचारलं, "पेशंट कोण?"

"पेशंट एकच," तात्या म्हणाले. "बाकीचं वजन हाय."

डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकलीय, आणि हे काही आजचं नाही. "रोज कशाचे हादरे बसतात का?" त्यांनी तिला विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "न्हाई वो. घागरी उचलतो नव्हं रोज, त्यानंच." आमच्या घरात नळ येऊन दहा वर्षं झाली. मला कळायला पाहिजे होतं. पण मी येडा, म्हटलं, दुखण्यात काहीतरी बोलते.

दुपारी बाकीचं वजन येष्टीनं गावाकडं गेलं. काकू तेवढ्या माझ्याबरोबर गाडीत बसल्या. मोकळी गाडी पहिल्याच ब्रेकरवर आदळली आणि काकूंचं डोकं टपाला लागलं. दुसऱ्याला त्यांनी दोन्ही हातांनी कडी धरली. तिसऱ्याला म्हणाल्या, "थांबीव."

मी गाडी कडेला घेतली.

"माजी कंबर ह्या तीन दणक्यांत गेली रं. आता कळलं का ती येष्टीनं का येत हुती?"

"मला सांगायचं की मग तिनं."

"मी म्हटलं हुतं तिला, सांग म्हणून. तर म्हणती, त्यांनी हौसेनं केलंय, कशाला मन मोडू."

मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मला रडू आलं, आणि काकूंसमोर ते लपवायचं त्राणही माझ्यात नव्हतं.  

दुसऱ्या दिवशी चाचांकडं गेलो. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "किती काढू?"

"दोन-दोन."

"माल कमी भराय लागंल."

"भरतो की."

'मी म्हटलं नव्हतं?' असं ते म्हणाले असते तर बरं वाटलं असतं, पण म्हणाले नाहीत. पाटे काढून भिंतीला लावले आणि हात पुसत चहा सांगितला. त्या आठवड्यात यार्डात कुणीतरी मागं उभं राहून गाडीवरचं 'बसत नाही' वाचलं आणि मोठ्यानं म्हणालं, "गाडी बसली की वो." मी म्हटलं, "व्हय, बसली," आणि क्रेट उतरवत राहिलो.

आठव्या दिवशी तिला सोडलं. कमरेला पट्टा बांधून, माझा हात धरून ती पायऱ्या उतरली. दारात आमची मोकळी गाडी बघितली आणि थबकली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी येष्टीनं येतो की."

"येष्टी न्हाय. बस."

ती बसली. शहर मागं पडलं. पहिला ब्रेकर लांबनं दिसला तसे तिचे दोन्ही हात वर गेले. कडी धरून, डोळे मिटून ती सीटवरनं अर्धी उठली, पट्टा बांधलेला असतानाही. मी गाडी अगदी हळू नेली. पुढची चाकं गेली, मागची गेली, गाडी जराशी खाली बसून वर आली. ब्रेकर मागं पडला तरी ती तशीच उचललेली होती, न आलेल्या हादऱ्याची वाट बघत.

"झाला गं," मी म्हटलं. "बस आता."

तिनं डोळे उघडले. मागं वळायला येत नव्हतं, म्हणून आरशातनं तो ब्रेकर बघितला. मग हळूच सीटवर टेकली. थोड्या वेळानं म्हणाली, "किती काढलं?"

"दोन-दोन."

"माल कमी बसंल की."

"बसू दे."

पुढच्या ब्रेकरला तिनं एकच हात वर नेला.