जयवंत मेस्त्रीचं गाव

प्लायच्या भिंतीवर रंगाने जांभ्याचा चिरा उठवण्यात जयवंत मेस्त्रीचा हात धरणारा गोरेगावच्या स्टुडिओत दुसरा कोणी नव्हता. सव्वीस वर्षं तो हेच काम करत होता. राजवाडे रंगवले, तुरुंग रंगवले, एकदा तर अख्खं पोलीस ठाणं चार दिवसांत उभं केलं. कोकणातल्या किनाऱ्यावरचं गाव मात्र त्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. ते यंदा आलं.

मालिकेचा आर्ट डायरेक्टर चैतन्य तिशीचा, नाशिककडचा. त्याने विचारलं, "जयवंतदादा, तुम्ही तिकडचेच ना? सांगा बरं, छोटं गाव म्हणजे नक्की कसं असतं?"

जयवंतला सांगायला आवडलं. त्याचं गाव हुरवडे. सातव्या वर्षी तो मुंबईत परत आला तो पुन्हा गेलाच नाही. वडिलांचं भावकीशी वाजलं, पुढे घर पडलं, राहूनच गेलं. पण गाव त्याच्या डोळ्यांसमोर लख्ख होतं. दार उघडलं की समोर समुद्र. डाव्या हाताला काळा खडक, मागे विहीर, विहिरीपासून वर चढत जाणारी पाणंद. घरं सतरा, माणसं साठेक. चैतन्यने सगळं लिहून घेतलं आणि तसाच सेट उभारला. समुद्राच्या जागी मोठा हिरवा पडदा लावला, तिथे नंतर कॉम्प्युटरवर पाणी येणार होतं.

शूटिंगच्या आधी सेटवर पूजा ठेवली होती आणि कामगारांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. जयवंत आईला, शेवंतीला, रिक्षाने घेऊन आला. तिला पंचाहत्तरावं लागलं होतं, पण चाल अजून ताठ होती. प्रसाद घेऊन तिने एक चक्कर मारली. अंगणात जाळी विणत बसलेल्या पुरुष ज्युनियर आर्टिस्टांकडे तिने जरा टक लावून पाहिलं.

"जयवंता, ह्यां खंयचां गाव?"

"कुठलं म्हणजे? आपलंच. हुरवडे."

"आपल्या घरातसून दर्यो दिसा नाय रे. मधी डोंगर होतो. दर्यो नुसतो आयकाक येय." मग तिने त्या जाळीवाल्यांकडे हात केला. "आणि इतके बापये खंयसून इले? हुरवड्यात घरां नऊ. म्हातारे सोडले तर बापये दोन. बाकी सगळे मुंबयत."

जयवंत हसला. आईला आता नीट आठवत नाही, असं त्याला वाटलं. त्याने तिला विहिरीकडे नेलं, खडक दाखवला. खडकापाशी ती थांबली आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली.

"ह्यां पोयनाळ," ती म्हणाली. "माझ्या भावाचां गाव. खाडीच्या पलीकडे."

"पण मी पोयनाळला कधी राहिलो?"

"तीन वर्सां. संपात."

ब्याऐंशीच्या संपात वडिलांची गिरणी सुटली आणि बिऱ्हाड हुरवड्याला गेलं, एवढं जयवंतला माहीत होतं. पुढचं आईने तिथेच, प्लायच्या ओट्यावर बसून सांगितलं. घरात खाणारी तोंडं सात. धाकटी मुलगी पोटात. तेव्हा भाऊ म्हणाला, ह्येका माझ्याकडे दी. चार वर्षांच्या पोराला त्याने होडीत बसवून नेलं.

"मग मला पेज भरवायची ती काकी?"

"काकी खंयची? ती तुझी मामी."

"आणि तू? तू कुठे होतीस?"

"हुरवड्यात. सांजेक खाडीवर येय, पलीकडे बघाक. माणूस काय वळकाक येय नाय तेवढ्यावरसून."

मामीच्या हाताच्या बांगड्या जयवंतला आठवत होत्या, आणि त्या दिवसांतला आईचा चेहरा आठवत नव्हता. तो चेहरा तिथे नव्हताच, हे त्याला आत्ता कळत होतं. "इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"काय सांगतलंय? झिलाक दुसऱ्याच्या घराक धाडलंय म्हणान? माका वाटला, तू इसारलंस तर बरां."

दुसऱ्या दिवशी त्याने चैतन्यला गाठलं. आपण चुकलो, घरांची तोंडं फिरवायला हवीत, पुरुष कमी करायला हवेत, असं काहीबाही सांगितलं. चैतन्यने शांतपणे ऐकून घेतलं. "दादा, चॅनेलला समुद्र दारासमोरच हवाय. आणि चूक कसली? गाव तर खरंच आहे ना? फक्त नाव वेगळं."

हे जयवंतला पटलंही आणि नाहीही. चार दिवस तो भिंतींना शेवटचा हात देत होता आणि मध्येच ब्रश धरून उभा राहत होता. घरी सुलक्षणाने, बायकोने, दोनदा विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?"

शेवटी त्याने आईच्या फोनमधून नंबर काढून पोयनाळला मामेभावाला, लवूला, फोन लावला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"जयवंत? खऱ्यानच?" लवू ओरडला. "अरे, एका गोधडयेत निजाचो आपण! रातभर लाथो मारी होतस!"

पोयनाळात आता सहा घरं उघडी होती आणि माणसं अकरा, असं लवूने सांगितलं. काळा खडक अजून होता, विहिरीचं पाणी मचूळ झालं होतं. मामी गेली त्याला नऊ वर्षं झाली.

"आणि हुरवडे?"

"थंय आता कोणच नाय रे. चौथरे आसत, त्यावर रान."

"लवू, मग मी कुठला रे?"

"ता माका काय इचारतंस?" लवू हसत सुटला. "मुंबयचो!"

मे महिन्याची तिकिटं जयवंतने काढली, तिघांची. उतरून आधी कुठे जायचं ते त्याला ठरवता येईना. हुरवड्याला राहायला छप्पर नाही, पण नाव तर तिथलंच. पोयनाळला आपण कोण म्हणून जायचं? त्याने आईला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलंच नाही.

"आधी पोयनाळ," ती म्हणाली. "भावजयेक उपकाराचो एक शब्द बोलाक नाय मी तेव्हा. तिच्या घराक तरी जावया."